दोरीचं दुसरं टोक

'टोइंग' म्हटलं की पुणेकराच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहतं. नो-पार्किंगमधली आपली दुचाकी उचलून टेम्पोत चढवणारी पोरं आणि मागून "ओ दादा, थांबा, आलोच!" असं ओरडत धावणारे आपण. मीही बरीच वर्षं हा शब्द त्याच अर्थाने ओळखत होतो. मग पीएचडीसाठी इंग्लंडात आलो आणि तीन वर्षं एका लांबलचक हौदात बोटींची छोटी मॉडेलं ओढत बसलो. त्या हौदाला म्हणतात 'टोइंग टँक'. आईला फोनवर हे सगळं नीट समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे पाण्यात होड्या सोडायच्या ना? ते तर तू चौथीपर्यंत फुकट करत होतास!"

असो. या शब्दाचा तिसरा अर्थ मला गेल्या उन्हाळ्यात कळला, आणि तो दोरीच्या चुकीच्या टोकाला बसून कळला.

इथे आल्यापासून मी कयाक चालवायला शिकतो आहे. कयाक म्हणजे ती लांब, अरुंद, एका माणसाची होडी. कमरेपर्यंत आत शिरायचं आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं डावं-उजवं मारत राहायचं. त्या दिवशी आम्ही सहा जण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइम बे नावाच्या उपसागरात होतो. ऊन छान, वारा मध्यम, लाटा फार मोठ्या नाहीत, पण तिरक्या. अर्ध्या वाटेवर मी मांडीवरच्या नकाशात डोकं घातलं आणि दोन मिनिटांत सकाळच्या पोह्यांनी बंड पुकारलं. बोट लागली हो! हातपाय गार पडले, वल्हं जड झालं आणि क्षितिज डुलायला लागलं.

आमची प्रशिक्षिका पन्नाशीची, माझ्या खांद्याला लागेल एवढी. तिने काही विचारलं नाही. दुसऱ्या एकाला माझ्या शेजारी होडी लावायला सांगितलं आणि मला म्हणाली, "त्याच्या होडीवर ओणवा हो, दोन्ही हातांनी घट्ट धर, आणि समोर किनाऱ्याकडे बघ." मग कमरेच्या पट्ट्यातून दोरी काढली, तिचा हुक माझ्या होडीच्या नाकाला अडकवला आणि वल्हवायला लागली. दोरी ताणली गेली आणि आमची जोडगोळी निमूटपणे तिच्यामागे निघाली. बोटींच्या रोधबलावर डॉक्टरेट केलेला मी, आज स्वतःच कुणाचं तरी रोधबल होऊन बसलो होतो.

किनाऱ्याला लागल्यावर चहा पिताना मी ओशाळून माफी मागायला लागलो. ती म्हणाली, "माफी कसली? दोरी त्यासाठीच असते." आणि मग थोडं थांबून, "याच पाण्यात एकदा दोरी पुरली नव्हती. तुला माहीत असेल." मला माहीत नव्हतं. घरी आलो आणि वाचत सुटलो. मंडळी, आजचा लेख त्या वाचनातून निघाला आहे.

*

सुरुवात अर्थातच उत्तरेकडून करायला हवी, कारण कयाक ही इन्युइट लोकांची देणगी आहे. ग्रीनलंडमध्ये झाडं जवळजवळ नाहीतच. समुद्रात वाहून आलेल्या लाकडांचा सांगाडा करायचा, त्यावर सीलचं कातडं शिवायचं आणि त्यात बसून सीलचीच शिकार करायची. शिकार झाल्यावर तेवढं धूड होडीत घेणार कुठे? मग ते दोरीने होडीला बांधून ओढत आणायचं. त्यासाठी हाडाचे आणि हस्तिदंताचे सुबक अडकवण असलेले ओढदोर असत. आज आमच्या प्रशिक्षिकेच्या कमरेला असतो त्या नायलॉनच्या दोरीचे पूर्वज माणसांसाठी नव्हते, सीलसाठी होते!

माणसांसाठी मात्र त्यांच्याकडे वेगळा उपाय होता. ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांना एक विचित्र व्याधी होई. डॅनिश डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकापासून तिच्या नोंदी केल्या आहेत. समुद्र आरशासारखा शांत, ऊन डोळ्यांवर, शिकारी एकटाच सीलची वाट बघत निश्चल बसलेला. अशा वेळी अचानक त्याला गरगरायला लागे, होडीत पाणी भरतंय असा भास होई, हात हलेनासे होत. चांगले कसलेले शिकारी या भीतीपायी कयाक कायमची सोडून देत. आणि यावरचा उतारा? दुसरी कयाक शेजारी येणं. तिला नुसता हात लागला तरी माणूस भानावर येई. त्या दिवशी मी ज्याच्या होडीवर ओणवा झालो होतो, तो माझ्यासाठी नेमकं हेच करत होता. समुद्रात आधी माणसाला आधार द्यायचा आणि मग होडी ओढायची, हा क्रम शेकडो वर्षं जुना आहे.

दोरीने दगा दिल्याची एक प्रसिद्ध गोष्टही उत्तरेचीच. नॉर्वेचा शोधक फ्रिट्यॉफ नान्सेन आणि त्याचा साथीदार यालमार योहान्सेन उत्तर ध्रुवाच्या वाटेवरून परतत होते. जून १८९६ मध्ये फ्रान्झ जोसेफ लँडच्या बेटांपाशी ते बर्फावर उतरले. दोन कयाक एकमेकींना जोडून एका दोरीने बांधून ठेवल्या होत्या आणि त्यांत दोघांचं सगळं जग होतं: अन्न, बंदुका, सामान. दोघांची पाठ वळली, दोरीने साथ सोडली आणि कयाक वाऱ्याबरोबर निघाल्या. नान्सेनने थोडे कपडे काढले आणि त्या बर्फाळ पाण्यात उडी मारली. पोहत पोहत, हातपाय लाकूड होत असताना, तो कसाबसा होडीपाशी पोचला. वाचला म्हणून ही गोष्ट आपल्याला कळली. वाऱ्यावर निघालेली रिकामी होडी पोहणाऱ्या माणसापेक्षा पटकन लांब जाते, हे कयाकवाल्यांना पहिल्या धड्यात शिकवतात.

*

आता थोडं माझ्या गल्लीतलं. कंटाळू नका, लवकर आटपतो.

लाइम बेच्या पश्चिम टोकाला टॉर्की नावाचं गाव आहे. तिथे विल्यम फ्राउड नावाच्या इंजिनियरने १८७२ मध्ये आपल्या घराजवळ जहाजांची मॉडेलं ओढून बघण्यासाठी हौद बांधला. लांबी सुमारे ८५ मीटर, आणि मॉडेलं पॅराफिन मेणाची. आज जगभरात जिथे जिथे टोइंग टँक आहेत, त्यांचा हा आजोबा. मॉडेलवरचे आकडे खऱ्या जहाजाला लागू पडतात का, हे लोकांना पटेना. पण त्याच्या हाताशी १८७१ सालच्या चाचण्या होत्या. त्यात ग्रेहाउंड नावाचं आख्खं नौदलाचं जहाज ॲक्टिव्ह नावाच्या दुसऱ्या जहाजाने ओढून दोरीतला ताण मोजला होता. आणि गंमत बघा, दोरी सरळ मागे न बांधता बाजूला काढलेल्या एका लांब वाशाला बांधली होती, कारण पुढच्या जहाजाने घुसळलेल्या पाण्यात मागचं जहाज आलं असतं तर मोजमाप बिघडलं असतं.

म्हणजे दोरी किती लांब, कुठे बांधलेली आणि मागच्याला कसलं पाणी मिळणार, हे प्रश्न फ्राउडलाही पडले होते. कयाकच्या दोरीत तेच प्रश्न जिवाशी येतात. दोरी फार आखूड ठेवली तर मागून येणाऱ्या लाटेवर स्वार होऊन मागची होडी पुढच्याच्या पाठीत घुसते. म्हणून खुल्या समुद्रात दोरी साधारण १५ मीटर लागते. खडकापासून पटकन बाजूला काढायचं असेल तर मात्र हातभर आखूड दोरी बरी. दोरीत एक लवचिक रबरी तुकडा असतो, नाहीतर प्रत्येक लाटेला ओढणाऱ्याच्या कमरेला हिसका बसतो. हुकाजवळ छोटा तरंगता गोळा असतो, म्हणजे टोक बुडत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कमरेचा पट्टा एका झटक्यात सुटणारा असतो. वाचवणाऱ्यालाच दोरीने बुडवलं तर काय उपयोग? आमच्या प्रशिक्षिकेने पहिल्या दिवशी आम्हाला डोळे मिटून तो पट्टा वीस वेळा सोडायला लावला होता. तेव्हा मला हसू आलं होतं.

आता थोडं गणित. पाण्याचा रोध साधारण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. एकटा माणूस ज्या जोराने ३ नॉट (ताशी सुमारे साडेपाच किलोमीटर) वेगाने जातो, त्याच जोराने मागे एक होडी ओढली तर वेग २.४ नॉटच्या आसपास येतो. आजारी माणूस आणि त्याला धरणारा अशा दोन होड्या मागे असल्या तर २.१. हे वाचून वाटेल, अरे वा, फार काही कमी होत नाही की! पण हे शांत पाण्यातलं गणित. समोरून वारा असला की तो प्रत्येक होडीला आणि प्रत्येक धडाला वेगळं ढकलतो. एकमेकींना धरून बसलेल्या होड्यांना तर होडीचा आकारच उरत नाही, त्या तराफा होतात. हे गणित डोक्यात ठेवा, आता पुढची गोष्ट.

*

लाइम रेजिस हे लाइम बेवरचं छोटं, देखणं गाव. मेरी ॲनिंगने (१७९९–१८४७) इथल्याच कड्यांमधून प्रचंड सागरी सरपटणाऱ्या प्राण्यांचे जीवाश्म शोधून काढले. पर्यटक आजही हातोडी घेऊन हिंडत असतात. शेजारचं चारमाउथ गाव समुद्रावरून जेमतेम तीन किलोमीटर.

२२ मार्च १९९३ रोजी सकाळी लाइम रेजिसहून चारमाउथला जायला अकरा कयाक निघाल्या. प्लिमथच्या एका शाळेतली सोळा-सतरा वर्षांची आठ मुलं-मुली, त्यांचे एक शिक्षक आणि साहसी खेळांच्या एका केंद्रातले दोन तरुण प्रशिक्षक. जेवायच्या वेळेपर्यंत परत यायचं होतं.

थोड्याच वेळात शिक्षकांची होडी उलटली. एक प्रशिक्षक त्यांना मदत करायला थांबला. होडी सरळ केली, पुन्हा उलटली. असं होत राहिलं. दुसऱ्या प्रशिक्षकाने आठही मुलांना एकमेकांच्या होड्या धरून एकत्र राहायला सांगितलं, म्हणजे तराफा. एकत्र राहणं चूक नव्हतं. पण वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत होता. असा वारा फसवा असतो. किनाऱ्याजवळ कड्यांच्या आडोशाने पाणी सपाट दिसतं आणि लांब जावं तशा लाटा वाढत जातात. तराफा वाऱ्याबरोबर सरकू लागला. दोन्ही गट एकमेकांना दिसेनासे झाले. पुढे लाटा वाढल्या, होड्यांत पाणी भरलं आणि एकेक करून मुलं पाण्यात पडली. मार्चमध्ये इंग्लिश खाडीचं पाणी आठ-नऊ अंशांचं असतं. पनवेल-अलिबागच्या मार्चशी त्याची तुलना करू नका. त्या पाण्यात काही मिनिटांत बोटं वळत नाहीत आणि काही तासांत शुद्ध हरपते.

त्यांच्याकडे धूर किंवा प्रकाश सोडून मदत मागायची साधनं नव्हती. आणि किनाऱ्यावर? जेवायची वेळ टळून गेली तरी केंद्राकडून तटरक्षकांना कळवलं गेलं ते दुपार कलू लागल्यावर. हेलिकॉप्टरनी मुलांना पाण्यातून उचललं तेव्हा संध्याकाळ झाली होती. आठांपैकी चार मुलं गेली.

मी ते सगळं वाचून रात्री कागद-पेन घेऊन बसलो. सवय, दुसरं काय. समजा त्या दुसऱ्या प्रशिक्षकाकडे उत्तम दोरी असती, उत्तम पट्टा असता, तर? मागे आठ होड्या, म्हणजे एकूण नऊ. नऊचं घनमूळ दोनाच्या जरा वर. म्हणजे अगदी शांत पाण्यात, आठही होड्या एका रांगेत शिस्तीत येतात असं धरलं, तरी वेग दीड नॉटच्या खाली. त्यात तराफ्याचा बेढब आकार, आणि समोरून वारा. उत्तर शून्याच्या आसपास येतं, किंवा उणे. म्हणजे तो बिचारा जीव तोडून वल्हवत राहिला असता आणि तरीही समुद्राकडेच सरकत राहिला असता. एकट्या माणसाने आठ मुलांना वाऱ्याविरुद्ध ओढून आणणं भौतिकशास्त्रालाच मंजूर नव्हतं.

कागद बाजूला ठेवला आणि पहिल्यांदा मला हे कळलं की ती दुर्घटना पाण्यात घडलीच नव्हती. ती किनाऱ्यावर, एका कचेरीत, आधीच घडून गेली होती. किती मुलांमागे किती माणसं पाठवायची, ती माणसं कितपत शिकलेली, सोबत काय द्यायचं, वारा कोण बघणार, उशीर झाला तर कोण फोन करणार, हे सगळं होड्या पाण्यात उतरण्यापूर्वी ठरलेलं असतं. किंवा ठरवायचं राहिलेलं असतं.

*

इंग्लंडच्या न्यायालयानेही शेवटी हेच म्हटलं. खटल्यात पुढे आलं की त्या दोन प्रशिक्षकांकडे अगदी प्राथमिक दर्जाची प्रमाणपत्रं होती, समुद्रावर गट नेण्याची नव्हे. आणि त्याहून वाईट म्हणजे, आदल्याच वर्षी केंद्रातल्या दोन प्रशिक्षकांनी सुरक्षेची ही अवस्था बघून नोकरी सोडली होती आणि जाताना कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकाला लेखी इशारा दिला होता. पत्र पोचलं होतं. बदललं काही नाही.

डिसेंबर १९९४ मध्ये विंचेस्टरच्या न्यायालयाने संचालकाला तीन वर्षांची कैद सुनावली (अपिलात ती दोन वर्षांवर आली) आणि ओएलएल लिमिटेड या कंपनीलाच सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवून ६०,००० पौंड दंड केला. इंग्लंडच्या इतिहासात एखादी कंपनी मनुष्यवधाबद्दल दोषी ठरण्याची ही पहिली वेळ.

पहिली का? कारण मोठ्या कंपन्या नेहमी निसटत. १९८७ मध्ये हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ ही फेरी बेल्जियमच्या झेब्रुगे बंदराबाहेर उलटली. पुढचे दरवाजे उघडेच ठेवून निघाली होती. १९३ माणसं गेली. पण कंपनीवरचा खटला १९९० मध्ये कोसळला, कारण कायद्याला दोष ठेवायला एक विशिष्ट वरिष्ठ डोकं लागे आणि मोठ्या कंपनीत दोष इतक्या टेबलांवर वाटलेला असतो की कुठलंच एक डोकं सापडत नाही. लाइम बेची कंपनी छोटी होती. वरचं डोकं एकच होतं आणि त्याच्या टेबलावर ते पत्र होतं. ही फट बुजवायला पुढे २००७ मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

त्याआधीच, मुलांच्या पालकांच्या रेट्यामुळे आणि प्लिमथचे खासदार डेव्हिड जेमिसन यांनी मांडलेल्या विधेयकामुळे, १९९५ मध्ये साहसी केंद्रांसाठी कायदा झाला. १८ वर्षांखालच्या मुलांना पैसे घेऊन समुद्रावर, डोंगरात, गुहेत नेणाऱ्यांना तपासणी आणि परवाना लागू लागला. २०१० मध्ये एका सरकारी अहवालाने ही कटकट बंद करा असं सुचवलं होतं. परवाना पद्धत टिकली. आमच्या प्रशिक्षिकेच्या पिढीने कयाक शिकवायला घेतली ती या चार मुलांच्या सावलीत. मला हसू आणणारा तो वीस वेळांचा सराव तिथून आला होता.

*

हे सगळं आत्ता लिहायचं कारण घरचंच आहे. माझा भाचा यंदा नववीत गेला. त्याला कोकणातल्या एका साहस शिबिराला जायचंय. कार्यक्रमपत्रिकेत तिसऱ्या दिवशी 'सी कयाकिंग'. ताईने मला विचारलं, "अरे, तू ते करतोस ना तिकडे? पाठवू का याला?"

आपल्याकडे समुद्र न कळणारी माणसं राहतात असं मुळीच नाही. नारळी पौर्णिमेआधी होडी लोटायची नाही हे कोळीवाड्यातल्या पोराला कायद्याने शिकवावं लागत नाही. प्रश्न आपल्यासारख्या घाटावरच्यांचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्याहून मुरूडला सहलीला गेलेले विद्यार्थी बुडाले, ते आठवून आजही पोटात गोळा येतो.

मी ताईला 'नको पाठवू' म्हटलं नाही. पाच प्रश्न लिहून पाठवले. एका प्रशिक्षकामागे किती मुलं, आणि एक प्रशिक्षक एका मुलात अडकला तर उरलेल्यांना कोण बघणार? ओढायची दोरी प्रशिक्षकाच्या कमरेला असते की कपाटात? वारा जमिनीकडून असेल तर बेत रद्द कोण करतं? किती वाजेपर्यंत परत आले नाहीत तर किनाऱ्यावरचा कोण माणूस कुणाला फोन करणार? (तटरक्षक दलाचा नंबर १५५४, तुम्हीही लिहून ठेवा.) आणि लाइफ जॅकेट माझ्या मुलाच्या मापाचं आहे का, घालून दाखवाल का?

ताई गणिताची शिक्षिका आहे, उत्तरं तपासायची सवय. तिने फोन लावला. पहिला, दुसरा, पाचवा प्रश्न ठीक गेले. तिसऱ्याला संयोजक म्हणाले, "ते तिथे गेल्यावर बघतो." चौथ्याला म्हणाले, "मॅडम, आजवर असं कधी झालंच नाहीये."

ताईने फी भरली नाही. भाचा आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हता. मग एक मेसेज आला: "मामा, तू स्वतः जातोस ना पण??"

खरं आहे त्याचं. मी जातो. पुढच्या रविवारीही जाणार आहे. त्याला कळवलंय की पुढच्या सुट्टीत इकडे ये, आपण दोघं जाऊ, प्रशिक्षिकेलाही सांगून ठेवलंय. आधी शांत तळ्यात. पट्टा डोळे मिटून वीस वेळा सोडायचा. मग मी बोट लागल्याचं नाटक करणार आणि त्याने मला ओढत किनाऱ्याला आणायचं.

नाटक करायची वेळ येणार नाही कदाचित. त्या दिवशी पोहे मात्र खाणार नाही.